कुठल्या गाडीचं? : एका जुन्या मोटरसायकलच्या ब्रेकमधून दिसणारा इतिहास



मोटरसायकलचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या कुठल्याही दुकानात जा. काउंटरवरचा माणूस मान वर न करता पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या गाडीचं?" आपण स्प्लेंडर म्हणा, पल्सर म्हणा, बुलेट म्हणा, तो मागे वळतो, फळीवरचा डबा काढतो आणि व्यवहार संपतो. आजचं व्याख्यान या दोन शब्दांच्या प्रश्नाबद्दल आहे. कारण काही गाड्या अशा असतात, की या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं तर ते चुकीचं असतं. आणि भाग ब्रेकचा असेल, तर चुकीचं उत्तर महागात पडतं.

माझ्याकडे एक राजदूत ३५० आहे. म्हणजे टाकीवर तसं लिहिलेलं आहे. मी ती घेतली तेव्हा तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आता ज्यांना ही गाडी माहीत आहे त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मला दिसतंय, कारण आपल्याकडच्या राजदूत ३५० ला कारखान्यातून कधी डिस्क ब्रेक आलाच नव्हता. आधीच्या कुठल्यातरी मालकाने तो बसवून घेतला होता. कोणी, कधी, कुठल्या गाडीचा काढून, याची कुठेही नोंद नाही.

कॅलिपर पाझरायला लागला तेव्हा मी दुकानात गेलो. प्रश्न आला, मी उत्तर दिलं. दुकानदार म्हणाला, "काका, याला डिस्क नसते." मग मी म्हटलं, ज्या गाडीच्या डिस्कसारखी दिसते तिचं किट द्या. त्याने दिलं. सील आणि धूळरबर दोन्ही खाचेत बसले. व्यास बरोबर होता. गाडी गल्लीत चालवून पाहिली, ब्रेक छान लागत होता.

पंधरा दिवसांनी पाचगणीहून वाईकडे उतरताना, पसरणीच्या घाटात, ब्रेकची मूठ दाबली तर ती सरळ हँडलला येऊन टेकली. हवाच. टू-स्ट्रोक गाडीला इंजिनचा ब्रेक जवळजवळ नसतो, हे त्या वेळी फार नीट कळतं. मागच्या ब्रेकवर आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीच्या भरवशावर मी थांबलो. डिस्क इतकी तापली होती की तिच्याजवळ हात नेववत नव्हता. आणि गंमत म्हणजे अर्ध्या तासाने मूठ पुन्हा टणक झाली, जणू काही झालंच नव्हतं.

काय झालं होतं, ते शेवटी सांगतो. कारण ते समजण्यासाठी आधी हा ब्रेक माझ्या गाडीवर आला कसा, हे बघावं लागेल. आणि त्यासाठी सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

ब्रेक म्हणजे काय? चाकाची गती घासून उष्णतेत बदलायची आणि ती उष्णता हवेत सोडायची. बस. प्रश्न एवढाच, की काय कशावर घासायचं. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ मध्ये याच प्रश्नावर धंदा उभा केला. डर्बीशरच्या डोंगराळ रस्त्यांवर गाडीवान उतारावर जुन्या बुटाचा तळवा चाकाला लावतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो. फ्रूड या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवली आणि त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावाचं पहिलं अक्षर घातलं. आज जगभरच्या ब्रेक लायनरच्या मागे ती परंपरा आहे.

ड्रम ब्रेकचं श्रेय साधारणपणे फ्रान्सच्या लुई रेनॉला देतात, १९०२. आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. म्हणजे हे दोघे जुळे भाऊ आहेत. आपल्याला वाटतं, ड्रम जुना आणि डिस्क नवा. तसं नाही. लँचेस्टरचे तांब्याचे पॅड धुळीच्या रस्त्यावर लवकर झिजायचे आणि किंचाळायचे, म्हणून डिस्क मागे पडली. ड्रममध्ये सगळं झाकलेलं, धूळ-पाण्यापासून सुरक्षित. पुढची पन्नास वर्षं ड्रमची होती.

ड्रममध्ये एक युक्ती आहे, ती लक्षात ठेवा. आत दोन अर्धचंद्राकार शू असतात. चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेमुळे एक शू आपोआप ड्रममध्ये आणखी ओढला जातो, घट्ट होतो. तो लीडिंग शू. दुसरा मात्र फिरत्या ड्रममुळे मागे ढकलला जातो. तो कमी काम करतो. मग कोणीतरी म्हणालं, दोन्ही शूंना वेगवेगळा कॅम देऊ, दोन्ही लीडिंग करू. झाला ट्विन लीडिंग शू. त्याच बोटाच्या ताकदीत जास्त ब्रेक. किंमत एवढीच, की उतारावर गाडी उलटी घसरायला लागली तर दोन्ही शू आळशी होतात.

डिस्क परत आली ती शर्यतीतून. १९५३ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आली. कारण साधं होतं. ड्रम तापला की फुगतो, शूपासून दूर जातो, आणि आतली उष्णता आतच राहते. डिस्क उघडी असते, वाऱ्यात फिरते. दुचाकीत १९६२ च्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ ला पुढे डिस्क आली, तीही केबलवर चालणारी. आणि १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० बाजारात आणली, पुढे तेलाच्या दाबावर चालणारी डिस्क घेऊन. तिथून मोठ्या जपानी मोटरसायकलला डिस्क असणं ही अपेक्षाच झाली.

यामाहाच्या ३५० सीसी घराण्यात हा बदल डोळ्यांसमोर दिसतो. १९७० ची आर-५ : पुढे ड्रम, ट्विन लीडिंग शू. १९७३ ची आरडी ३५० : इंजिन सुधारलेलं, रीड व्हॉल्व्ह आलेला, आणि पुढे डिस्क. ३४७ सीसीचं जोड सिलिंडर, सुमारे ३९ अश्वशक्ती. १९७६ मध्ये तिची जागा आरडी ४०० ने घेतली. जपानच्या दृष्टीने ही गाडी तिथे संपली.

आपल्याकडे ती १९८३ मध्ये सुरू झाली. फरिदाबादची एस्कॉर्ट्स कंपनी १९६० च्या दशकापासून पोलंडच्या एसएचएल मोटरसायकलच्या आराखड्यावर राजदूत १७५ बनवत होती : दणकट, गरीब, दूधवाल्यांची गाडी. त्याच नावाखाली त्यांनी यामाहाची आरडी ३५० आणली. इथले रस्ते, इथलं पेट्रोल, इथला खिसा पाहून इंजिनची ताकद उतरवली. आधी सुमारे ३०, नंतर २७ च्या आसपास अश्वशक्ती. लोक अजून त्यांना हाय टॉर्क आणि लो टॉर्क म्हणून ओळखतात. आणि पुढची डिस्क काढून तिथे सात इंची ट्विन लीडिंग शू ड्रम बसवला.

इथे जरा थांबू या. आपण सहज म्हणतो, पैसे वाचवले. हो, वाचवले. पण १९८३ चा भारत डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर बुलेट, राजदूत, येझ्दी, बजाज चेतक. सगळ्यांना ड्रम. डिस्कची सील कोण बदलणार? ब्रेक ऑइल तालुक्याच्या गावी कुठे मिळणार? ड्रमची केबल सायकलवालाही ओवून देईल. शूला लायनर चिकटवून देणारा प्रत्येक गावात होता. एस्कॉर्ट्सने इंजिन १९७३ चं ठेवलं आणि पुढचा ब्रेक त्याच्याही एक पिढी मागे नेला, आर-५ च्या पद्धतीवर. दुरुस्तीच्या बाजूने पाहिलं तर हा विचार मूर्खपणाचा नव्हता. वेगाच्या बाजूने पाहिलं तर मात्र धोक्याचा होता, आणि ज्यांनी ती चालवली ते सगळे "पळते भारी, थांबत नाही" असंच सांगतात.

तर आता आपल्या प्रश्नाकडे. अशा गाडीच्या ब्रेकचे योग्य भाग कसे शोधायचे? दोन प्रकारच्या गाड्या आहेत. ज्यांचा ड्रम अजून शाबूत आहे त्या, आणि माझ्यासारख्या, ज्यांच्यावर कोणीतरी शस्त्रक्रिया केलेली आहे त्या.

ड्रमवाल्यांचं आधी. तुम्ही म्हणाल, यात काय कठीण? गाडीचं नाव सांगायचं, शू आणायचे. पण चाळीस वर्षांच्या गाडीत ड्रमसुद्धा मूळचा राहिलेला नसतो. चर पडले म्हणून कोणीतरी तो लेथवर टर्न करून घेतलेला असतो. एकदा, दोनदा. प्रत्येक वेळी आतला व्यास वाढतो. आता मूळ मापाचा अगदी नवा, पॅकबंद शू आणून बसवा. त्याची गोलाई लहान, ड्रमची मोठी. लायनर फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं हवेत. भाग अस्सल आहे, डब्यावर नाव बरोबर आहे, आणि तरीही तो या ड्रमचा भाग नाही. म्हणून आधी ड्रमचा आतला व्यास मोजायचा, तीन-चार ठिकाणी, म्हणजे तो अंडाकृती झालाय का तेही कळतं. बऱ्याच ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापलीकडे गेला असेल तर ड्रम निवृत्त करायचा, हळहळ न करता. आत असेल तर शूला जाड लायनर लावून, त्याच ड्रमच्या मापाला घासून घ्यायचा. आणि दोन कॅम जोडणारी जी सळई आहे, तिचं ॲडजस्टमेंट असं करायचं की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. ते चुकलं तर ट्विन लीडिंग शू नावालाच उरतो. या गाडीच्या ब्रेकची जी बदनामी झाली, तिच्यात या सळईचा वाटा बराच आहे असं मला वाटतं.

एक इशारा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे किंवा दिल्लीच्या करोल बागेत जुन्या साठ्यातले, कागदात गुंडाळलेले शू मिळतात. माणूस हरखून जातो. पण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचा. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही, आणि तिच्यामुळे कॅन्सर होतो हे आता वादातीत आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे अजून सरसकट बंदी नाही. तेव्हा जुना ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने फूs करून धूळ उडवायची जी आपली सवय आहे ना, ती सोडा. ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजमधला बारा-चौदा वर्षांचा मुलगा, तो तिथे असायलाच नको, पण असतो, तो ती धूळ दिवसभर घेत असतो.

आता शस्त्रक्रिया झालेल्या गाड्या. भारतात मोटरसायकलला डिस्क ब्रेक सर्वसामान्यांच्या ओळखीचा झाला तो हीरो होंडा सीबीझेडमुळे, १९९९. मग २००१ मध्ये पल्सर आली. आणि इथे आपला महाराष्ट्र या गोष्टीत शिरतो. बजाजच्या गाड्या चाकण आणि वाळूजच्या. वाळूजची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ब्रेक बनवते. जळगावात कल्याणी ब्रेक्सचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या ब्रेम्बोने पुण्याजवळ कारखाना घातला आणि लहान मोटरसायकलसाठी बायब्रे नावाचा ब्रँड काढला. म्हणजे विशीत असलेली जी पोरं आरडीच्या ड्रमवर वैतागली होती, त्यांच्या हाताशी, भंगारात, अपघाती गाड्यांच्या ढिगात, अचानक चांगल्या डिस्क यायला लागल्या.

पण ड्रमच्या फोर्कला कॅलिपर बसवायचे कान नसतात. मग कोणी पट्टीचा ब्रॅकेट बनवला, कोणी फोर्कचे पायच बदलले, कोणी पुढचा अख्खा भाग दुसऱ्या गाडीचा लावला. चाक एका गाडीचं, डिस्क प्लेट दुसरीची, कॅलिपर तिसरीचा, आणि मुठीजवळचा मास्टर सिलिंडर जो मिळाला तो. आराखडा जपानचा, गाडी हरयाणाची, ब्रेक मराठवाड्याचा. हे जोडकाम करणारे मेकॅनिक हुशार होते, यात शंका नाही. पण त्यांनी काय केलं ते लिहून ठेवलं नाही.

तेव्हा पहिला नियम : गाडीचं नाव विसरा. ब्रेकचा प्रत्येक भाग स्वतंत्र पुरावा आहे असं समजा. इतिहासाचा विद्यार्थी ताम्रपट जसा वाचतो, तसा तो वाचायचा. रंगाचे थर काढा, तारेच्या ब्रशने साफ करा. कॅलिपरच्या ओतकामावर बनवणाऱ्याचं चिन्ह असतं, अंक असतात. मास्टर सिलिंडरच्या अंगावर अनेकदा आतल्या भोकाचं माप उठवलेलं असतं : ११, १४, किंवा १/२, ५/८. जपानी भागांवर इंच कसे आले? कारण जपानने हे तंत्र बाहेरून घेतलं. सुमितोमोने डिस्क ब्रेक डनलॉपकडून घेतला, अकेबोनोने अमेरिकेच्या बेंडिक्सशी करार केला. तंत्राबरोबर मापही आलं. डिस्क प्लेटवर किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली तर कितीही चकचकीत असली तरी ती भंगार. पॅडवर काही वेळा दोन अक्षरं असतात, एफएफ, जीजी, एचएच. पहिलं अक्षर थंड असतानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. अक्षर पुढचं तितकं घर्षण जास्त.

दुसरा नियम : जे लिहिलेलं नाही ते मोजा. आणि इथे पास्कल येतो. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे त्याने सतराव्या शतकात मांडलं. आपला अख्खा ब्रेक त्या एका वाक्यावर चालतो. उदाहरण घेऊ. मास्टर सिलिंडर १४ मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ १५४ चौरस मिलिमीटर. अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ चा, असेल तर १२७. डोळ्याला फरक दिसत नाही. पण बोटांची ताकद तीच ठेवली, तर लहान सिलिंडर सुमारे २१ टक्के जास्त दाब देतो; बदल्यात मूठ तेवढीच जास्त आत जाते. म्हणजे मोठा मास्टर आणि लहान कॅलिपर जोडला, तर मूठ दगडासारखी टणक लागते आणि गाडी मात्र थांबत नाही. लोक म्हणतात, "काय मस्त टाइट ब्रेक आहे!" तो मस्त नसतो. उलट केलं, तर मूठ हँडलला टेकते. म्हणून मास्टर आणि कॅलिपर यांची जोडी मूळ एका गाडीत होती का, हे शोधायचं. नसेल, तर किट दोन वेगळ्या नावांनी मागावी लागतात.

तिसरा नियम माझ्या घाटाचा. कॅलिपरमध्ये पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. आपल्याला वाटतं, ते फक्त तेल अडवतं. तसं नाही. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिरगळतं, आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड डिस्कपासून सुटतो तो त्यामुळे. माझ्या किटमधलं सील व्यासाला बरोबर होतं, पण त्याची जाडी वेगळी होती. खाचेत ते ठासून बसलं, पिरगळायला जागाच उरली नाही. पिस्टन मागे येईना. पॅड सतत घासत राहिला. गल्लीत कळलं नाही, घाटात कळलं. डिस्क तापली, कॅलिपर तापला, तेल उकळलं. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून मूठ हवेत गेली. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल झालं आणि मूठ टणक. डॉट ४ तेल ताजं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी पितं, आणि पाणी प्यायलेलं तेल १५५ लाही उकळू शकतं. माझं किती जुनं होतं, विचारू नका. आणि तेल म्हणजे ब्रेक ऑइलच. ब्रेकच्या रबराला इंजिन ऑइल किंवा ग्रीसचं एक बोट लागलं तरी ते फुगतं.

योग्य सील शेवटी कसं मिळालं? जुना पिस्टन, जुनं सील आणि व्हर्निअर खिशात घेऊन मी दुसऱ्या दुकानात गेलो. "कुठल्या गाडीचं?" म्हणाल्यावर मी म्हटलं, "साहेब, गाडी राहू द्या. पिस्टन एवढा, खाच एवढी रुंद, एवढी खोल." त्या गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर केली. तीन डबे उघडले, तिसऱ्यात मिळालं. डब्यावर ज्या गाडीचं नाव होतं, ते माझ्या कधी डोक्यातही आलं नसतं.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जुन्या गाडीचं फेरनोंदणीचं काम निघतं तेव्हा हा प्रश्न समोर येतो. ज्यांचा मूळ ड्रम शिल्लक आहे, त्यांनी तो विकू नये, एवढंच मी म्हणेन. नीट दुरुस्त केलेला ड्रम अनोळखी डिस्कपेक्षा कधीही बरा.

शेवटचं. आपल्याकडे वस्तू टिकवण्याची परंपरा मोठी आहे, पण त्या टिकवताना काय केलं ते लिहायची नाही. ज्याने माझ्या गाडीला डिस्क लावली, त्याने चार ओळी लिहून टूलबॉक्समध्ये ठेवल्या असत्या, तर मी त्या घाटात गटारीला गेलो नसतो. आता माझ्या गाडीच्या सीटखाली एक प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात एक कागद : कॅलिपर कुठला, पिस्टनचं माप, सीलची जाडी, मास्टरचा अंक, डिस्कची किमान जाडी, तेल कधी बदललं. ही गाडी माझ्यानंतर कोणाकडे तरी जाईल. तो माणूस दुकानात जाईल, आणि त्याला विचारतील, "कुठल्या गाडीचं?"

त्याच्याकडे उत्तर असेल.